म्हणींतले शहाणपण : चर्चा कुठवर आली?

साधारण २४ ऑक्टोबरच्या सुमारास सूर्य स्वाती नक्षत्रात शिरतो. त्या पंधरवड्यात पाऊस झाला, की चांदवड तालुक्यातल्या हरभरा-ज्वारीवाल्या शेतकऱ्याच्या तोंडी 'पडतील स्वाती, तर पिकतील मोती' ही म्हण शोभून दिसते. त्याच तालुक्यातल्या वडनेर भैरवचा द्राक्षबागाईतदार मात्र तोच पाऊस पाहून घाईघाईने ट्रॅक्टरला ब्लोअर जोडतो. छाटणी झालेली त्याची बाग त्या दिवसांत पोंग्यात, दोड्यात नाहीतर फुलोऱ्यात असते, आणि सलग ओल राहिली की डावणी रोग येऊन घड कुजतात. उन्हाळ कांद्यासाठी उळे टाकलेल्यालाही हा पाऊस नकोच असतो, कारण कोवळी रोपे जागच्या जागी मरतात. पाऊस एक, तालुका एक. म्हण मात्र एका बांधावर खरी आणि दुसऱ्या बांधावर खोटी.

म्हणींविषयीच्या चर्चेची गाठ इथेच आहे. म्हण हे शहाणपण मानायचे का? मानायचे तर ते कोणाचे, कोणत्या काळाचे आणि कुठवर लागू? मराठीत म्हणींचे संग्रह पुष्कळ झाले. या प्रश्नांची चर्चा मात्र तुटकपणे, कधी शेतीच्या अंगाने, कधी स्त्रीप्रश्नाच्या अंगाने होत राहिली. आफ्रिकेतल्या भाषांच्या म्हणींवर विसाव्या शतकात जो अभ्यास झाला, त्याने याच प्रश्नांना नीट आकार दिला. म्हणून तिकडचे दाखले सोबत घेत, आपल्याकडची चर्चा आज कुठे उभी आहे, हे इथे पाहायचे आहे.

चांदवडकडून पाहण्याला कारण आहे. सातमाळेच्या पायथ्याचा, मुंबई-आग्रा रस्त्यावरचा हा तालुका. दक्षिणेला लासलगाव-निफाडचा कांदा आणि द्राक्ष, उत्तरेला राहुड घाट उतरला की मालेगावकडची अहिराणी. जिरायत आणि बागायत, देशी मराठी आणि खानदेशी बोली यांची सीमा इथून जाते. शेतकरी स्त्रियांनी आपल्याविषयीच्या रूढ समजुतींना जाहीरपणे प्रश्न विचारले, तेही चांदवड गावातच.

संग्रहांची वाट

मराठी म्हणी छापील रूपात गोळा होऊ लागल्या त्या एकोणिसाव्या शतकात. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७) शब्दांच्या नोंदींखाली असंख्य म्हणी विखुरलेल्या आहेत. निव्वळ म्हणींचा मोठा संग्रह म्हणजे मिशनरी आल्फ्रेड मॅनवेअरिंग यांचे १८९९ मध्ये ऑक्सफर्डहून निघालेले पुस्तक. त्यांनी दीड हजारांहून अधिक म्हणी विषयवार लावल्या आणि प्रत्येकीचा इंग्रजी अर्थ दिला. विसाव्या शतकाच्या आरंभी वासुदेव गोविंद आपटे यांनी मराठी वाचकासाठी संप्रदाय आणि म्हणींचे पुस्तक केले. त्यानंतर य. रा. दाते आणि चिं. ग. कर्वे यांनी 'महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश' १९४०च्या दशकात दोन भागांत प्रसिद्ध केला. आजची बहुतेक शालेय आणि बाजारी पुस्तके कळत-नकळत याच साठ्यावर जगतात. स्वातंत्र्यानंतर राज्याच्या लोकसाहित्य समितीने सरोजिनी बाबर यांच्या पुढाकाराने खेड्यापाड्यांतले मौखिक साहित्य गोळा केले आणि त्या ओघात बोलीतल्या म्हणीही कागदावर आल्या.

आफ्रिकेतली वाट जवळजवळ समांतर आहे. सॅम्युएल अजायी क्राउदर हे स्वतः योरुबा. लहानपणी गुलाम म्हणून विकले गेले, सुटले, पुढे धर्मोपदेशक झाले. १८५२च्या आपल्या योरुबा शब्दसंग्रहात त्यांनी म्हणींना मानाचे स्थान दिले. आजच्या घानातल्या अकान लोकांच्या ३,६०० म्हणी क्रिस्टालर यांनी १८७९ मध्ये छापल्या; त्यांतल्या निवडक म्हणींचे इंग्रजी भाषांतर रॅट्रे यांनी १९१६ मध्ये केले. दोन्हीकडे सुरुवातीच्या संग्रहांत मिशनऱ्यांची लेखणी ठळक. लोकांची भाषा शिकायची, तर त्यांच्या म्हणी आल्या पाहिजेत, हा हेतूही दोन्हीकडे सारखा.

या मिशनरी जाळ्याचा एक धागा नाशिक जिल्ह्यातूनच जात होता. क्राउदर ज्या चर्च मिशनरी सोसायटीचे, तिनेच १८५०च्या दशकात नाशिकजवळ शरणपूर वसवले. अरबी समुद्रात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुले तिथे शिकली. मिशनरी-प्रवासी लिव्हिंग्स्टनचे पार्थिव १८७४ मध्ये इंग्लंडला पोचवणारा याओ जमातीचा तरुण जेकब वेनराइट हा याच शाळेचा. शरणपूर चालवणारे विल्यम प्राइस त्यानंतर मोंबासाजवळच्या फ्रेअरटाऊनला गेले आणि नाशिकचे कितीतरी आफ्रिकन रहिवासीही तिकडे परतले. आफ्रिका आणि नाशिक यांची जोड म्हणजे केवळ अभ्यासकाच्या टेबलावरची तुलना नव्हे, हे यावरून ध्यानात यावे.

या सगळ्या संग्रहांत वाक्य सापडते, अर्थ सापडतो. ते वाक्य कोण, कोणाला, कोणत्या वेळी म्हणाले, ते मात्र क्वचितच सापडते. म्हणींविषयीच्या तीन भूमिका पुढे मांडल्या आहेत; त्यांचा वाद या उणिवेपाशी येऊन थांबतो.

पहिली भूमिका : अनुभवाचा अर्क

सर्वांत जुनी आणि लोकप्रिय भूमिका अशी, की म्हण म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाचा अर्क. अनेकांनी पारखून घेतले म्हणून ती टिकली. खोटी असती तर गळून पडली असती.

या भूमिकेचे बळ शेतीच्या म्हणींत दिसते. 'न पडतील मघा, तर वरती बघा' ही म्हण घ्या. मघा नक्षत्र साधारण १७ ते ३० ऑगस्ट. जून-जुलैत पेरलेली बाजरी या काळात निसवते, फुलोऱ्यात येते. या पंधरवड्यात ओल नसेल तर कणसात दाणा भरत नाही. नंतर कितीही पडला तरी गेलेले पीक परत येत नाही. पिकाची नाजूक अवस्था आणि आकाशातले नक्षत्र यांची सांगड घालून सहा शब्दांत बसवलेला हा सल्ला पंचांग न वाचणाऱ्यालाही तोंडपाठ राहतो. २०२३चा ऑगस्ट हा १९०१ पासूनच्या नोंदींतला देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. त्या वर्षी श्रावण अधिक होता, म्हणजे 'दुष्काळात तेरावा महिना' ही म्हण अक्षरशः पंचांगात उतरली होती. पुढे सरकारने राज्यातल्या चाळीस तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यांत चांदवडचे शेजारी मालेगाव आणि येवला होते.

घरच्या हिशेबाच्या म्हणीही याच भूमिकेच्या बाजूने उभ्या राहतात. 'अंथरूण पाहून पाय पसरावे', 'ऋण काढून सण करू नये', 'थेंबे थेंबे तळे साचे'. यांना दूरच्या भाषांत सख्ख्या बहिणी सापडतात. थेंबाथेंबाच्या म्हणीचे काम स्वाहिलीत 'हबा ना हबा हुजाझा किबाबा' ही म्हण करते : थोडे थोडे घालत गेले की माप भरते. आपल्या म्हणीत पाणी आहे, तिच्यात धान्याचे माप, काटकसर तीच. 'हराका हराका हैना बराका', घाईत बरकत नाही, ही स्वाहिली म्हण आपल्या 'उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग'च्या पंगतीत सहज बसते. एकमेकांपासून दूर असलेल्या समाजांनी तेच निष्कर्ष काढले असतील, तर त्यांत काही तथ्य असले पाहिजे, असा हा युक्तिवाद.

त्यावरचे आक्षेपही तितकेच ठोस आहेत. पहिला आक्षेप बदललेल्या पिकांचा. स्वातीच्या पावसाचे उदाहरण वर आलेच आहे. दुसरा प्रदेशाचा. 'पडतील उत्तरा, तर भात खाईना कुत्रा' ही म्हण इगतपुरी-त्र्यंबककडच्या किंवा कोकणातल्या भातशेतीला लागू. चांदवडच्या पर्जन्यछायेत भात पिकत नाही. म्हण इथेही माहीत असेल, तर ती भाषेबरोबर आली, मातीतून उगवली नाही. तिसरा आक्षेप खगोलाचा. सूर्याचा नक्षत्रप्रवेश दर बहात्तर वर्षांना सुमारे एक दिवस ऋतूच्या पुढे सरकतो. पाचशे वर्षांपूर्वीची मघा आजच्यापेक्षा आठवडाभर आधी लागत असे. जुन्या म्हणीतले नक्षत्र आणि आजचा पाऊस यांच्यात निसर्गानेच अंतर पाडले आहे. हवामानबदलाचा हिशेब त्याहून वेगळा.

चौथा आक्षेप मालकीचा. 'उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी' ही आपण मराठी कुणब्याची म्हण समजतो, पण जवळजवळ याच शब्दांत ती हिंदी पट्ट्यात घाघ या लोककवीच्या नावावर चालते. सहदेव-भाडळीची पावसाची भाकितेही महाराष्ट्रापुरती नाहीत. गुजरात-राजस्थानातही भाडळीचे नाव चालते. म्हणी फिरत असतात, आणि फिरताना अनुभव मागे राहून फक्त वाक्य पुढे जाते. शिवाय उत्तम शेतीची म्हण आज व्यवहारात उलटी झाली आहे. मुलीसाठी स्थळ पाहताना नोकरदाराला पहिली पसंती मिळते, हे कांदापट्ट्यात कोणाला सांगावे लागत नाही.

दुसरी भूमिका : रूढीचा पहारा

दुसरी भूमिका विचारते, की 'लोकांचा अनुभव' म्हणताना हे लोक नेमके कोण? म्हणींत सत्ता असलेल्यांचा अनुभव शहाणपण म्हणून रुजतो आणि बाकीच्यांना आपापल्या जागी बसवतो, असे या बाजूचे म्हणणे.

स्त्रियांविषयीच्या म्हणी हा तिचा मुख्य पुरावा. 'मुलगी म्हणजे परक्याचे धन' हे वाक्य लेकीच्या शिक्षणावर आणि वाट्यावर पिढ्यान्‌पिढ्या शेवटचा शब्द म्हणून वापरले गेले. 'नवऱ्याने मारले, पावसाने झोडपले, तर तक्रार कोणाकडे' या म्हणीत मारहाण निसर्गाच्या रांगेत नेऊन बसवली आहे. डच अभ्यासक मिनेके स्खिपर यांनी १९९१ मध्ये आफ्रिकन भाषांतल्या स्त्रीविषयक म्हणींचा संग्रह केला आणि पुढे तो जगभरच्या भाषांपर्यंत वाढवला. बायकांचे बोलणे, बाहेर पडणे आणि नवऱ्यापेक्षा वरचढ होणे यांवर लगाम घालणाऱ्या म्हणी खंडोखंडी सापडतात, हा त्यांचा निष्कर्ष. पहिल्या भूमिकेने समान म्हणी हा सत्याचा पुरावा मानला. इथे तोच सारखेपणा समान सत्तारचनेचा पुरावा ठरतो. एकाच वस्तुस्थितीतून दोन उलटे निष्कर्ष निघतात, हे या वादाचे वैशिष्ट्य आहे.

चांदवडचा संबंध इथे थेट येतो. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन ९ आणि १० नोव्हेंबर १९८६ला चांदवडला भरले. लाखांच्या संख्येने शेतकरी स्त्रिया आल्या. त्यांनी घरातले श्रम, मारहाण, मालमत्ता आणि गावकारभारातला वाटा यांवर उघड चर्चा केली. त्या मंथनातून 'चांदवडची शिदोरी' ही मांडणी पुस्तकरूपाने आली आणि पुढे घरच्या लक्ष्मीच्या नावावर जमीन करून देण्याची 'लक्ष्मीमुक्ती' मोहीम उभी राहिली. अधिवेशन म्हणींवर नव्हते. तरी 'परक्याचे धन' या वाक्यामागचा व्यवहार तिथे हिशेबाला घेतला गेला. कायद्यानेही तो बदलला : महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मसिद्ध हक्क दिला. म्हण अजून बोलण्यात आहे, तिच्या मागचा कायदा गेला आहे.

जातींविषयीच्या म्हणींचेही तसेच. जुन्या संग्रहांत जवळजवळ प्रत्येक जातीच्या नावाने टोमणा आहे. 'गाव तिथे महारवाडा' ही म्हण चांगल्याबरोबर वाईट असायचेच, या अर्थाने कोशांत आली. माणसांच्या एका अख्ख्या वस्तीला गावावरचा डाग ठरवल्याशिवाय तिचा अर्थ लागत नाही. त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा'त (१९१५) म्हणी आणि बोलण्याच्या लकबी भरपूर आहेत. तो ग्रंथ वाचताना म्हणी गावातल्या हक्क-कर्तव्यांच्या उतरंडीत कशा रुतलेल्या होत्या, ते दिसते.

या भूमिकेवर दोन उलट प्रश्न येतात. एक, सगळ्याच म्हणी वरून खाली बोलत नाहीत. 'आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं' हे कष्टकऱ्याचे बोलणे आहे. चाळीत चार-चार महिने कांदा राखून भाव पडल्यावर तो विकणाऱ्याच्या तोंडी ते नेमके बसते. 'चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे' ही सुनेची आशा आहे आणि सासूला इशाराही. दोन, अपमानकारक म्हणींचे करायचे काय? काही संपादकांच्या मते त्या नव्या संग्रहांतून वगळाव्यात. काहींच्या मते त्या टिपा देऊन ठेवाव्यात, कारण पुरावा पुसला की अन्यायाचा इतिहासही पुसतो. शाळेच्या पुस्तकाला पहिला मार्ग योग्य आणि अभ्यासाच्या कोशाला दुसरा, अशी तडजोड व्यवहारात दिसते. तिची तात्त्विक बाजू मात्र कोणी नीट मांडलेली नाही.

तिसरी भूमिका : प्रसंगावाचून म्हण अपुरी

तिसरी भूमिका आधीच्या दोघींची कोंडी फोडू पाहते, आणि ती मुख्यतः आफ्रिकेतल्या क्षेत्रकामातून आली. जॉन मेसेंजर यांनी १९५९ मध्ये नायजेरियातल्या अनांग समाजाच्या न्यायसभांचे वर्णन केले. तिथे वादी, प्रतिवादी आणि न्यायाधीश म्हणींतून युक्तिवाद करत, आणि योग्य वेळी टाकलेली म्हण सभेचे मत फिरवू शके. १९६४ मध्ये ओजो अरेवा आणि अॅलन डंडीस यांनी योरुबा घरांत मुले वाढवताना कोणती म्हण कोण कोणाला कधी ऐकवतो, ते प्रसंगासह नोंदवले. केवळ म्हणी गोळा करू नका, त्या वापरण्याचे नियम गोळा करा, हा त्यांचा आग्रह. रूथ फिनेगन यांनी १९७० च्या आपल्या आफ्रिकन मौखिक साहित्यावरील ग्रंथात म्हणींना स्वतंत्र प्रकरण देऊन हाच मुद्दा पक्का केला. चिनुआ अचेबे यांच्या १९५८ च्या 'थिंग्ज फॉल अपार्ट'मध्ये इग्बो वडीलधारे मूळ मुद्द्यावर येण्याआधी म्हणींनी वाट तयार करतात, ती रीतही वाचकांना याच सुमारास माहीत झाली.

या भूमिकेमुळे एक जुने कोडे सुटते : म्हणी एकमेकींच्या विरुद्ध का असतात? 'बळी तो कान पिळी' आणि 'शक्तीपेक्षा युक्ती श्रेष्ठ' या दोन्ही एकाच माणसाच्या तोंडी असतात. त्यांना सर्वकाळ लागू असणारी विधाने मानले, तर एक खोटी ठरते. प्रसंगाला दिलेले उत्तर मानले, तर विरोध उरत नाही. बांधावरून सोडून द्यायचा तंटा आणि तालुक्याला जाऊन लढायचा तंटा यांना वेगवेगळ्या म्हणी लागतात. कोणती कधी काढायची, हे कळणे म्हणजेच शहाणपण.

मराठी मुलखात याचे ऐतिहासिक उदाहरण गोतसभा आणि पंचायतींचे. 'पाचामुखी परमेश्वर' ही म्हण निवाड्याला बळ देत असे, कारण तो मान्य करवून घ्यायला पंचांजवळ गावाच्या संमतीखेरीज फारसे साधन नव्हते. 'लेकी बोले, सुने लागे' ही म्हण तर म्हणी कशा वापरल्या जातात याचेच वर्णन आहे. थेट बोलणे जिथे अपमानाचे किंवा धोक्याचे, तिथे म्हणीच्या आडून बोलता येते. बोलणाऱ्याला 'मी कुठे म्हणतो, जुने लोक म्हणतात' एवढी पळवाट राहते.

अडचणी याही भूमिकेला आहेत. प्रसंगावर फार भर दिला, तर म्हणीला स्वतःचा अर्थच उरत नाही; मग अन्यायी म्हणीचीही 'वापरणाऱ्याने वाईट वापरली' अशी सुटका होते. दुसऱ्या भूमिकेचे लोक हा आक्षेप घेतात, आणि तो वाजवी आहे. काही म्हणी कुठल्याही प्रसंगात वापरल्या तरी कोणाला तरी खाली ढकलतातच. शिवाय प्रसंग नोंदवायला वेळ, माणसे आणि विश्वास लागतो. जे संग्रह आधीच झाले, त्यांतला प्रसंग परत आणता येत नाही.

प्रमाण मराठी आणि बोली

म्हण कोणत्या भाषेची, हा प्रश्न चांदवडच्या उत्तरेला खरा होतो. ग्रिअर्सन यांनी भारतीय भाषांच्या पाहणीत खानदेशी मराठीच्या खंडात न घालता भिल्ल भाषांच्या खंडात घातली. जनगणनेतही खानदेशी वेगळी मोजली जाते. बोलणाऱ्यांपैकी बरेच जण मात्र तिला मराठीचीच बोली मानतात. म्हणींच्या संग्राहकापुढे म्हणून प्रश्न उभा राहतो : मालेगाव-सटाण्याकडची अहिराणी म्हण 'मराठी म्हणी'त घ्यायची की स्वतंत्र?

जुन्या कोशांनी बहुधा तिसरेच केले : बोलीतली म्हण प्रमाण भाषेत आणून छापली. त्यात यमक आणि ठसका गेला, गावही गेले. अलीकडच्या अभ्यासकांनी उलट दिशा धरली. रमेश सूर्यवंशी यांनी अहिराणीचा कोश आणि म्हणींवर काम केले. सटाण्याचे सुधीर देवरे यांनी 'ढोल' हे अहिराणी नियतकालिक चालवले आणि अहिराणी लोकपरंपरेवर लिहिले. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींची (१८८०-१९५१) कविता १९५२ मध्ये पुस्तकरूपाने आल्यावर तिच्यातल्या ओळी राज्यभर म्हणींसारख्या वापरल्या जाऊ लागल्या. बोलीतले वाक्य जसेच्या तसे ठेवूनही सगळ्यांचे होऊ शकते, याचे ते उदाहरण. तरी तालुक्यागणिक पाठभेद नोंदवणारा संग्रह अजून व्हायचा आहे.

वर्गातली आणि मोबाइलवरची म्हण

आजची मराठी मुले म्हणींना प्रथम भेटतात ती व्याकरणाच्या पुस्तकात, 'म्हण पूर्ण करा' या प्रश्नात. यावर दोन मते आहेत. एक म्हणते, घरात आजी नसलेल्या मुलापर्यंत म्हण पोचायला हाच मार्ग उरला आहे. दुसरे म्हणते, अर्थाच्या रकान्यासमोर पाठ केलेली म्हण बोलण्यात उतरत नाही; तिच्यातली खोच परीक्षेबरोबरच संपते. रशियन अभ्यासक ग्रिगोरी पेर्म्याकोव्ह यांनी १९७०च्या दशकात मॉस्कोच्या रहिवाशांची चाचणी घेऊन सर्वांना माहीत असलेल्या सुमारे तीनशे म्हणी-वाक्प्रचारांची यादी केली. मराठीसाठी असे मोजमाप झाले, तर शाळेने शिकवाव्यात त्या म्हणी कोणत्या, हा वाद बराच सुटेल.

मोबाइलवर वेगळाच गोंधळ आहे. सुविचारांच्या चित्रांवर 'आफ्रिकन म्हण' असे लिहिलेली वाक्ये रोज फिरतात. आफ्रिकेत दोन हजारांच्या घरात भाषा आहेत. त्यांपैकी कोणती, ते लिहिलेले नसते. मूल वाढवायला अख्खे गाव लागते, हे त्यांतले सर्वांत गाजलेले. हिलरी क्लिंटन यांनी १९९६ मध्ये आपल्या पुस्तकाला त्याचेच नाव दिले. त्या आशयाच्या म्हणी अनेक आफ्रिकन भाषांत आहेत, पण नेमके हे वाक्य अमुक भाषेतले असे बोट ठेवता आलेले नाही. मराठीतही 'जुनी म्हण' म्हणून कालची जाहिरात किंवा भाषणातले वाक्य सर्रास पुढे जाते.

तरी नव्या म्हणी खोट्याच, असे म्हणून चालणार नाही. प्रत्येक म्हण कधीतरी कोणीतरी प्रथम उच्चारली असणारच. १९८०च्या कांदा आंदोलनाच्या काळापासून नाशिक जिल्ह्याने ऐकलेली 'भीक नको, हवे घामाचे दाम' ही शेतकरी संघटनेची घोषणा आज भावाचा विषय निघाला की कोणाचेही नाव न घेता बोलली जाते. घोषणेची म्हण केव्हा होते, याचे ठाम निकष अभ्यासकांकडे नाहीत. जुन्या म्हणी मोडून केलेल्या विनोदी 'प्रतिम्हणीं'चा वोल्फगांग मीडर यांनी केलेला अभ्यास हा त्या दिशेने जाणारा एक रस्ता आहे.

कोठे एकमत, कोठे प्रश्न

या आढाव्यातून तीन गोष्टींवर बऱ्यापैकी एकमत दिसते. म्हण टिकली म्हणून ती खरी ठरत नाही. म्हणीत अनुभव आणि पूर्वग्रह दोन्ही असतात, आणि कधीकधी एकाच वाक्यात असतात. प्रसंगाशिवाय नोंदलेली म्हण अभ्यासाला अपुरी पडते.

न सुटलेले प्रश्न त्याहून जास्त आहेत. नक्षत्रांच्या म्हणी आणि तालुक्याच्या पावसाच्या नोंदी शेजारी ठेवून पीकवार तपासणी व्हायला हवी. तेव्हाच 'जुने लोक बरोबर होते' आणि 'ही सगळी अंधश्रद्धा' या दोन्ही सरधोपट उत्तरांपलीकडे जाता येईल. अन्यायी म्हणी कोशात कशा ठेवाव्यात, याचे नियम ठरायचे आहेत. बोलीतल्या म्हणींचे मोजमाप कोणत्या भाषेच्या नावावर करायचे, तेही ठरायचे आहे. कोणत्या म्हणी जिवंत आहेत आणि कोणत्या केवळ पुस्तकात उरल्या, हे सांगण्याचे मराठीतले साधन तोकडे आहे.

यांतल्या बहुतेक प्रश्नांची वाट एकाच कामातून जाते, आणि त्याचा नमुना महाराष्ट्रातच आहे. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांच्या प्रकल्पाने हजाराहून अधिक गावांतून एक लाखावर जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्या गाणाऱ्या बाईच्या आणि गावाच्या नावासकट. म्हणून ती ओवी आज कोणाच्या आयुष्यातून आली, ते विचारता येते. म्हणींच्या बाबतीत जवळजवळ दोनशे वर्षांत आपण वाक्ये वाचवली आणि माणसे सोडली. चांदवडसारख्या तालुक्यात बाजार समितीच्या ओट्यावर, बागेतल्या डिपिंगच्या मजुरीवर, बचत गटाच्या बैठकीत किंवा सोयरिकीच्या बोलणीत कोणती म्हण कोणी काढली, समोरच्याने काय उत्तर दिले आणि ते मानले गेले की नाही, एवढे चार रकाने भरायला मोठा निधी लागत नाही. ते भरले, तर म्हणींतले शहाणपण कोणाचे, या प्रश्नाला पहिल्यांदाच पुराव्यानिशी उत्तर मिळेल. त्यात बोलणारा आणि ऐकणारा दोघेही असतील.